नमुना क्रमांक सतरा

केतकी उंबरजेच्या वर्गात पहिल्या दिवशी काहीच शिकवलं जात नसे. तीनशे माणसं आपापल्या घरून पडद्यावर हजर होत. ती त्यांना दोन चित्रफिती दाखवी आणि विचारी, यातला लबाड कोण? बहुतेक जण चुकत. मग ती म्हणे, "तुम्ही नेम बघत होता. नेम बघू नका. त्या नेमामागे हात आहे का, ते बघा."

पुण्याला बाणेरमध्ये कंपनीच्या चौथ्या मजल्यावरून हा वर्ग चाले. 'वेढा' हा कंपनीचा खेळ दोन हजार सदतीस साली देशभर खेळला जात होता. पाच जणांनी तट राखायचा आणि पाच जणांनी तो भुयारं खणून, भिंती चढून घ्यायचा. चांगल्या खेळाडूला खेळाबाहेरही मागणी होती. बंदरातल्या क्रेन, खाणीतले डंपर, गोदामातल्या माल उचलणाऱ्या गाड्या आता दूर कुठेतरी पडद्यासमोर बसलेला माणूस चालवायचा, आणि ते काम देणारे ठेकेदार उमेदवाराची 'वेढा'मधली नोंद मागायचे. त्यामुळे लबाडीही पोटापाण्याची झाली होती.

लबाडी पूर्वी पकडायला सोपी होती. माणसाचा हात कधीच स्थिर नसतो. सेकंदाला आठ ते बारा वेळा तो बारीकसा थरथरतो. नेम धरताना तो थोडा पुढे जातो, चूक कळते, मागे येतो. खेळाडूच्या वतीने नेम धरून देणाऱ्या चोरट्या प्रोग्रॅममध्ये ही थरथर नसे, म्हणून कंपनीचं यंत्र त्याला लगेच ओळखी. मग प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी त्यात थरथर घातली, चुका घातल्या, कंटाळासुद्धा घातला. यंत्राला खरं-खोटं कळेनासं झालं, आणि कंपनीने ते बंद केलं.

सरावलेल्या माणसाला मात्र कळत होतं. कसं कळतं ते त्याला सांगता यायचं नाही. मेंदूला अपेक्षेशी न जुळणारं काही दिसलं की सुमारे एक तृतीयांश सेकंदात डोक्याच्या मागच्या बाजूला विजेची एक लहर उमटते. माणसाला स्वतःला शंका जाणवायच्या आधीच ती उमटून गेलेली असते. ही लहर मोजणारी पट्टी कंपनीने तयार करून घेतली होती. कपाळावरून मागे जाणारी, केसांच्या पिनेइतकी हलकी. ती लावलेल्या पारख्याने तक्रारीचं बटण दाबायची गरज उरली नाही. तो नुसता खेळ बघे, त्याला शंका आली की कानामागे एक बारीक टकटक होई आणि नोंद कंपनीकडे जाई. एका खेळाडूवर पुरेशा पारख्यांच्या लहरी उमटल्या की त्याचं खातं आपोआप बंद.

या पारख्यांना घडवायचं काम केतकीचं. तीन वर्षांत तिने अकरा हजार पारखी तयार केले होते. त्यांच्या मेंदूला 'खोटं' म्हणजे काय ते तिने चाळीस नमुने पुन्हा पुन्हा दाखवून शिकवलं होतं, आणि त्या चाळिसांतला सगळ्यात चांगला होता सतरावा. त्या चित्रफितीत एक खेळाडू भुयारातून बाहेर पडतो आणि समोरचा शत्रू भिंतीआडून दिसायच्या अगोदरच त्याचा नेम तिथे जाऊन थांबलेला असतो. हालचाल लोण्यातून सुरी फिरावी तशी, कुठे थरथर नाही, मागे येणं नाही. ही चित्रफीत केतकीने जुन्या डावांच्या साठ्यातून, खेळाडू कोण ते न बघता, स्वतः निवडली होती. ती दाखवून झाली की केतकी म्हणे, "यामागे हात नाही."

त्या फेब्रुवारीत वर्गाच्या पत्त्यावर इचलकरंजीहून एक निरोप आला. लिहिणाऱ्या बाईचं नाव पद्मावती मगदूम. तिच्या नवऱ्याचं खातं कंपनीने बंद केलं होतं. त्याने तीन वेळा दाद मागितली, तिन्ही वेळा अर्ज परत आला, कारण खेळताना दोन्ही हात दिसतील असं चित्रण जोडलेलं नव्हतं. शेवटी तिने लिहिलं होतं, 'मालकांना हात नाहीत. ते मी कुठून आणू ते कळवावे.'

केतकीने खातं उघडून पाहिलं. जुने डाव चाळता चाळता एका भुयारापाशी तिचा हात थांबला. खेळाडूचं नाव झाकून ती जो तीन वर्षं वर्गात दाखवत आली होती, तोच हा डाव होता.

दुसऱ्या दिवशी ती इचलकरंजीला गेली. घर एका बंद पडलेल्या मागाच्या शेडमागे होतं. शेजारच्या शेडमधले माग अजून चालू होते आणि त्यांच्या खडखडाटात एकमेकांशी जरा मोठ्यानेच बोलावं लागत होतं. संध्याकाळचे साडेपाच झाले होते. घर जैनांचं, सूर्य मावळायच्या आत जेवणारं, त्यामुळे पानं मांडलेली होती. भूपाल मगदूम शेहेचाळीस वर्षांचा, रुंद खांद्यांचा माणूस. दोन्ही हात कोपराखाली चार बोटांच्या अंतरावर संपलेले. उजव्या खुंटाला पट्ट्याने चमचा बांधला होता.

"या मॅडम," तो म्हणाला. "नमस्कार करता येत नाही, तेवढं समजून घ्या."

सहा वर्षांपूर्वी सायझिंगमध्ये, सुताला खळ लावणाऱ्या यंत्राच्या रुळांत त्याचे हात गेले. शिबिरात मिळालेले कृत्रिम हात कपाटात होते; कप धरायला बरे, बाकी कशालाच नाहीत, असं पद्मा म्हणाली. दोन वर्षं तो घराबाहेर पडला नव्हता. मग माग दुरुस्त करणाऱ्या त्याच्या दोस्ताने, इब्राहिम जॉबरने, लाकडाचं एक पायठाण करून आणलं. डाव्या पायाखाली फिरता चेंडू, उजव्या पायाच्या बोटांना सहा बटणं. भूपाल 'वेढा' खेळायला लागला. वर्षभरात तो एका संघाचा नायक झाला. नागपूर, बेळगाव, मडगाव अशा गावांतले चौघे जण रोज संध्याकाळी त्याची वाट बघत. त्याला हात नाहीत हे त्यांतल्या कुणालाच माहीत नव्हतं. गेल्या दिवाळीत बंदरातल्या क्रेन दुरून चालवायच्या प्रशिक्षणासाठी त्याची निवड झाली होती. दिवाळीनंतर पारख्यांच्या लहरी पुरेशा झाल्या आणि खातं बंद झालं, तशी निवडही रद्द झाली.

केतकीने त्याला खेळून दाखवायला सांगितलं. खातं बंद असलं तरी सरावाचं मैदान खुलं होतं. तो बसला, पाय पायठाणावर ठेवले आणि खेळू लागला. केतकीला पाच मिनिटांत सगळं उलगडलं. मेंदूपासून पाऊल हातापेक्षा दूर असतं. हुकूम तिथपर्यंत पोचायला सेकंदाचे वीस-तीस सहस्रांश जास्त लागतात. शत्रू दिसल्यावर पाय हलवला तर उशीर ठरलेला. म्हणून तो दिसायची वाट बघतच नव्हता. आवाज, वेळ, समोरच्याच्या सवयी यांवरून तो कुठे येणार ते ताडायचा आणि आधीच तिथे जाऊन थांबायचा. शिवाय पाय जड असतो. बोटांची बारीक थरथर त्या वजनात विरून जाते. म्हणून ती हालचाल इतकी सलग दिसायची.

"पाय उशिरा पोचतो, मॅडम," तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. "मग मी लवकर निघतो."

केतकीने मग त्याला सांगून टाकलं. नमुना क्रमांक सतरा काय आहे, तो किती जणांना दाखवला, त्याच्यावर शंका घ्यायला त्या लोकांना कुणी शिकवलं. ती हे सांगत असताना पद्मा दारात उभी राहून ऐकत होती. भूपालने ती चित्रफीत बघायला मागितली. केतकीने फोनवर लावली. त्याने ती दोनदा पाहिली.

"हा भुयारातला डाव," तो म्हणाला. "चांगला जमला होता." मग बायकोकडे बघून त्याने सांगितलं, की अकरा हजार लोकांनी बघितलाय म्हणे. पद्मा आत गेली.

पुण्याला परतल्यावर केतकीने तिच्या वरिष्ठ मिहिका सबनीस यांना सगळं लिहून दिलं. मिहिकाबाई कामाला चोख आणि मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी त्याच दिवशी भूपालचं खातं सुरू करून दिलं, सतरावा नमुना वर्गातून काढायला लावला. भूपाल संध्याकाळी खेळायला बसला. पहिल्या चाळीस मिनिटांत त्याच्यावर चारशे लहरी नोंदल्या गेल्या आणि खातं पुन्हा बंद पडलं. नमुना काढून काही उपयोग नव्हता. तो वर्गात नव्हताच आता, तो अकरा हजार डोक्यांत होता.

एक वाट होती. शारीरिक अडचण असलेल्या खेळाडूच्या नावापुढे खूण लावायची, म्हणजे पारख्यांना आधीच कळेल. केतकीने फोनवर भूपालला ते समजावलं.

"मॅडम, गल्लीत मी बिनहाताचा भूपाल हाय. दवाखान्यात, बँकेत, देवळात, सगळीकडं तोच. तिथं तेवढा मी नुसता नायक होतो. नावापुढं पाय लावू नका."

मग केतकीने दुसरं काम हाती घेतलं. जुन्या पारख्यांसाठी तिने आठ दिवसांचा नवा वर्ग बांधला. भूपालचं नाव न घेता तिने पायाने, हनुवटीने, नजरेने खेळणाऱ्या माणसांची हालचाल कशी दिसते ते शिकवलं, आणि अशी हालचाल दिसली तर ती सोडून द्यायला सांगितलं. तीन हजार जण आले. वर्ग संपल्यावर तिने त्यांच्या पट्ट्या तपासल्या. मेंदू शिकलेलं पुसत नाही, त्यावर नवीन लिहितो, हे तिला पुस्तकातून माहीत होतं. आता ते आलेखात दिसलं. लहर जवळजवळ तेवढीच उमटत होती. तिच्यामागोमाग आणखी एक लहर येई, स्वतःची चूक जाणवल्याची. पारखी शंका घेत होते आणि वर शरमत होते. तरी वर्ग केलेल्यांच्याच लहरी धरायच्या आणि त्यांतही शरमेची लहर उमटली तर शंका मोजायची नाही, असा नियम मिहिकाबाईंनी करून घेतला, आणि भूपालचं खातं पुन्हा उघडलं.

ते पाच आठवडे चाललं. सहाव्या आठवड्यात बाजारात नवा चोरटा प्रोग्रॅम आला. पारखी पायाची चाल सोडून देतात, ही बातमी बाहेर फुटली होती. नवा प्रोग्रॅम थरथर घालतच नसे. तो सलग, जड, लवकर निघणारी हालचाल करी. हुबेहूब भूपालसारखी. काही दिवसांत हजारो लबाड भूपालच्या चालीने खेळू लागले.

कंपनीने सवलत त्याच दिवशी बंद केली आणि भूपालचं खातं पुन्हा बंद पडलं. यापुढे कुणाच्याही बाजूने दिलेली तोंडी किंवा लेखी साक्ष धरायची नाही, असंही ठरलं. बैठकीत केतकीने विरोध केला तेव्हा मिहिकाबाई शांतपणे म्हणाल्या, "शब्दाने कोणीही खोटं बोलू शकतं, केतकी. लहरीला ते येत नाही."

त्या दिवसांत तिच्या घरीही बरं चाललेलं नव्हतं. नवरा निषाद शाळेत भूगोल शिकवायचा, बोलका माणूस. एकदा जेवताना त्याने सांगितलं की यायला उशीर झाला, कारण शाळेत पालकांची सभा होती. केतकीने मान वर केली नाही, पण 'सभा' म्हणताना त्याचा घास क्षणभर थांबल्याचं तिला कळलं होतं. ती जेवत राहिली. तरी त्याला ते जाणवलं. तो भावाकडे गेला होता, भावाचं आजारपण तिला इतक्यात सांगायचं नव्हतं, एवढंच होतं ते. ते सांगून झाल्यावर तो म्हणाला, "तू माझ्याकडे बघत नाहीस हल्ली. तपासतेस." पट्टी तर तिने ऑफिसातच काढून ठेवली होती. महिन्याभराने तो भावाच्या शुश्रूषेला म्हणून साताऱ्याला गेला, आणि तिकडचा मुक्काम वाढतच राहिला.

तिला एकच आशा होती. त्या तीन हजार पारख्यांनी भूपालला कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्यासाठी तो ऐकीव गोष्ट होता. आपण त्याला पाहिलंय. त्याच्या शेजारी बसून, पाय आणि पडदा एकाच वेळी बघत राहिलो तर आपल्या मेंदूत लहर उमटणार नाही, असं तिला वाटत होतं. तसं झालं तर मार्ग निघत होता. पारख्यांना माणसं प्रत्यक्ष दाखवायची, घरोघर न्यायचं, वर्षं लागली तरी चालतील. मे महिन्यात ती पट्टी लावूनच इचलकरंजीला गेली. पट्टीचा कंपनीशी असलेला संपर्क तिने फोनवरून बंद केला होता.

भूपाल वाळला होता. सरावाच्या मैदानावरही तो हल्ली बसत नव्हता, पद्माने सांगितलं. संघातल्या चौघांनी नवा नायक नेमला होता. त्यांतल्या एकाने त्याला जाताना लिहिलं होतं की आम्हाला तरी खरं सांगायचंस. क्रेनच्या प्रशिक्षणाची दुसरी तुकडी जुलैत सुरू होणार होती. केतकीने तिचा विचार त्याला सांगितला. तो उठला, पायठाण पुढे ओढलं आणि बसला.

अर्धा तास तो खेळला, आणि असा खेळ केतकीने कधी पाहिला नव्हता. ती त्याच्या पायाजवळ खाली जमिनीवर बसली होती. टाच उचलली जायची, चेंडू फिरायचा, आणि पडद्यावरचा नेम त्याच क्षणी सरकायचा. मधे काही नव्हतं. ती हे डोळ्यांनी बघत होती. तरी पहिल्या मिनिटाच्या आतच तिच्या कानामागे टकटक झाली. मग पुन्हा. तिने दात आवळले, नजर त्याच्या पायाच्या अंगठ्यावर रोवली, मनाशी म्हणत राहिली की हा माणूस खरा आहे, हा माणूस खरा आहे. टकटक होतच राहिली.

डाव संपला. भूपालने खुर्ची वळवली. पद्माही दारात येऊन उभी राहिली होती.

"आली का शंका?" त्याने विचारलं.

केतकीने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता आणि कितीतरी महिन्यांनी तो मनापासून खेळला असावा, असा त्याचा चेहरा झाला होता.

"नाही," ती म्हणाली. "एकदाही नाही."

त्याने डोळे मिटून घेतले. मग पद्माला म्हणाला, "बघ. समोर बसून बघितलं की कळतंय माणसाला." पद्माने पदराने त्याचं कपाळ पुसलं. त्या दिवशी केतकीला त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. पानावर बसल्यावर भूपालने सांगितलं की त्याने ठरवलंय, आता पाय दाखवायचे. लोकांनी बघितल्यावर पटत असेल तर लपवून काय उपयोग. चौथा अर्ज करतो, खेळतानाचं अख्खं चित्रण जोडतो, सगळ्यांना बघू दे. त्याला आत्ताच थांबवायचं तर खरं सांगावं लागलं असतं. ती म्हणाली, करा.

पुण्यात पोचल्यावर ती दमून गेली होती. ऑफिसात पट्टी परत ठेवायची म्हणून तिने ती नेहमीच्या खाचेत, चार्जिंगला लावली. संपर्क बंद असतानाच्या नोंदी पट्टी स्वतःपाशी साठवते आणि खाचेत बसली की त्या आपोआप उतरवून घेतल्या जातात, हे तिला माहीत होतं. तीच ते नव्या पारख्यांना पहिल्या आठवड्यात सांगत असे. त्या दिवशी ते तिच्या ध्यानात आलं नाही.

भूपालचा अर्ज जूनच्या पहिल्या आठवड्यात निकाली निघाला. निकालाची प्रत केतकीकडेही आली. लिहिलं होतं की अर्जदाराने जोडलेलं पायांचं चित्रण दोनशे पारख्यांना दाखवलं असता बहुसंख्यांना ते बनावट असल्याची शंका आली. तसंच कंपनीच्या वरिष्ठ प्रशिक्षकांनी अर्जदाराच्या घरी समक्ष केलेल्या निरीक्षणात एकोणीस वेळा शंका नोंदली गेली आहे. ही नोंद निर्णायक धरून अर्ज कायमचा फेटाळण्यात येत आहे. खाली शेवटच्या ओळीत, सदर चित्रण प्रशिक्षणासाठी वापरण्याचा हक्क कंपनीकडे राहील, असंही होतं.

ती धावतच मिहिकाबाईंकडे गेली. त्या तिचं सगळं बोलणं ऐकून घेत होत्या. केतकीने सांगितलं, मी तिथे बसले होते, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, तो माणूस खरा आहे. मिहिकाबाईंनी विचारलं, मग तुझी पट्टी असं का म्हणते? केतकीने जे होतं ते सांगितलं, की तशी शिकवण माझ्याच डोक्यात सगळ्यात खोल गेलीय. मिहिकाबाईंनी मान हलवली. त्यांना ते पटलंही असावं. पण नियम एकाच माणसासाठी बदलता येत नव्हता, आणि नियमाप्रमाणे तिच्या शब्दाला किंमत नव्हती.

दुपारी भूपालचा फोन आला. मागे मागांचा खडखडाट ऐकू येत होता.

"मॅडम, एकोणीस वेळा लिहिलंय. खरं हाय?"

"हो."

"तुम्ही तर समोर बसला होता."

तिने समजावायचा प्रयत्न केला. मन वेगळं आणि लहर वेगळी, मला ठाऊक होतं तुम्ही खरे आहात, ठाऊक असूनही ते थांबत नाही. तिचं सांगणं संपल्यावर त्याने विचारलं, "मग मला नाही का म्हणालात?"

केतकीने समोरची निकालाची प्रत उलटी करून ठेवली.

"तुम्ही खरं सांगितलं असतं," तो हळू म्हणाला, "तर मी पाय दाखवले नसते."

ती म्हणाली, माझं चुकलं. पलीकडे फोन टेबलावर आडवा पडलेला असावा. तो बंद करायला त्याला दरवेळी कुणीतरी लागायचं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग पावलं, मग नुसते माग. केतकी फोन कानाला धरून तशीच बसून राहिली. बऱ्याच वेळाने पद्माचा आवाज आला, "अहो, फोन चालूच राहिलाय, कोण हाय?" लांबून तो काहीतरी म्हणाला, ते केतकीला ऐकू आलं नाही. मग पद्माने फोन बंद केला.